एजियाओ : गाढवाच्या कातड्याचा सरस, चिनी वैद्यक आणि श्रमिकांचे पशुधन

सारांश

पारंपरिक चिनी वैद्यकात गाढवाच्या कातड्यापासून तयार होणाऱ्या 'एजियाओ' या औषधाला सुमारे दोन हजार वर्षांचा इतिहास आहे. एकविसाव्या शतकात या औषधाची मागणी वाढल्याने जगातील अनेक देशांतील गाढवांच्या संख्येवर व त्यांवर अवलंबून असणाऱ्या कुटुंबांच्या उपजीविकेवर परिणाम झाला आहे. प्रस्तुत लेखात एजियाओची निर्मिती, ग्रंथपरंपरा, औषधी उपयोग, रासायनिक स्वरूप आणि व्यापार यांचा परिचय करून दिला असून, ज्या परंपरेचा आधार घेऊन ही मागणी समर्थनीय ठरविली जाते त्या परंपरेतच या औषधाचा मूळ प्राणी एकदा बदललेला आहे, या महत्त्वाच्या बाबीकडे लक्ष वेधले आहे.

बीजसंज्ञा : एजियाओ, पारंपरिक चिनी वैद्यक, सरस, कोलॅजेन, गाढव, पशुधन, उपजीविका.

प्रास्ताविक

प्राणिज द्रव्यांचा औषध म्हणून उपयोग करण्याची प्रथा जगातील बहुतेक प्राचीन वैद्यकपद्धतींत आढळते. मध, दूध, तूप, मूत्र, पित्त, शिंग, हाडे, शंख, मोती अशा अनेक द्रव्यांचे उल्लेख भारतीय, ग्रीक, अरबी व चिनी वैद्यकग्रंथांत आहेत. चिनी वैद्यकातील प्राणिज औषधांची चर्चा होते तेव्हा सामान्यतः वाघाची हाडे, गेंड्याचे शिंग, अस्वलाचे पित्त आणि खवले मांजराचे खवले यांचीच नावे पुढे येतात. हे सर्व वन्य प्राणी असल्याने त्यांच्या व्यापाराकडे वन्यजीव संरक्षणाच्या दृष्टीने पाहिले जाते आणि त्यासाठी आंतरराष्ट्रीय कायदेही उपलब्ध आहेत.

एजियाओचे प्रकरण यापेक्षा वेगळे आहे. येथे प्राणी वन्य नाही, दुर्मिळ म्हणून ख्यातीचा नाही आणि त्याच्याविषयी समाजात विशेष आदरही नाही. तो गाढव आहे. मराठी भाषेत तर या प्राण्याचे नाव मूर्खपणाचे व हीनतेचे वाचक म्हणूनच अधिक वापरले जाते. तथापि कुंभार, वडार, बेलदार, कैकाडी यांसारख्या समाजांच्या अर्थव्यवहारात गाढवाचे स्थान काय होते, हे ग्रामीण महाराष्ट्राची ओळख असणाऱ्यांस सांगण्याची आवश्यकता नाही. आफ्रिकेतील अनेक देशांत आजही तेच स्थान कायम आहे. म्हणूनच एका दूरच्या देशातील औषधाचा विचार करताना हा विषय केवळ औषधशास्त्राचा राहत नाही, तर तो अर्थशास्त्राचा, समाजशास्त्राचा व कायद्याचाही होतो.

एजियाओ म्हणजे काय ?

'एजियाओ' हा शब्द दोन चिनी पदांनी बनला आहे. त्यांतील 'जियाओ' म्हणजे सरस. पहिले पद हे स्थलवाचक असून ते शांडोंग प्रांतातील दोंग-ए या परिसराचे निदर्शक आहे. म्हणजे 'दोंग-एचा सरस' असा या शब्दाचा साधा अर्थ होतो. जनावरांची कातडी व हाडे उकळून तयार केलेला, लाकूड जोडण्यासाठी सुतार वापरीत असत तो सरस मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. एजियाओ हा तत्त्वतः त्याच जातीचा पदार्थ आहे. फरक आहे तो कच्च्या मालाच्या निवडीत, शुद्धीकरणात आणि उपयोगात.

त्याच्या निर्मितीची पद्धत पुढीलप्रमाणे आहे. गाढवाचे कातडे प्रथम अनेक दिवस पाण्यात भिजत ठेवतात. त्यानंतर त्यावरील केस, चरबी व मांसाचे अवशेष काढून त्याचे लहान तुकडे करतात. हे तुकडे पाण्यात दीर्घकाळ उकळले असता कातड्यातील तंतुमय प्रथिन पाण्यात उतरते. हे पाणी गाळून पुनःपुन्हा आटवितात. घट्ट होत आलेल्या द्रवात तांदूळ किंवा तत्सम धान्यापासून केलेले पिवळे मद्य, खडीसाखर व सोयाबीनचे तेल योग्य प्रमाणात घालतात. द्रव थंड होऊन गोठल्यावर त्याच्या आयताकृती वड्या कापतात आणि त्या सावकाश वाळवितात. तयार झालेली वडी काळसर तपकिरी, चकचकीत व ठिसूळ असते आणि उजेडासमोर धरली असता तिच्या कडा पिंगट व किंचित पारदर्शक दिसतात.

दोंग-एच्या एजियाओची ख्याती तेथील पाण्याशी जोडली गेलेली आहे. तेथील एका जुन्या विहिरीचे पाणी जड व विशेष गुणकारी असते, असा समज शतकानुशतके चालत आला. अकराव्या शतकातील विद्वान शेन कुओ यांनीही या पाण्याचा संबंध जमिनीखालून वाहणाऱ्या जी नदीच्या प्रवाहाशी जोडला आहे. विशिष्ट स्थान, विशिष्ट पाणी आणि विशिष्ट प्राणी या तिहींच्या संयोगातून औषधाचा दर्जा ठरतो, अशी ही धारणा होती. आधुनिक काळात उत्पादकांनी याच धारणेचा जाहिरातीसाठी भरपूर उपयोग करून घेतला आहे.

ग्रंथपरंपरा : गाईबैलांच्या कातड्यापासून गाढवाच्या कातड्यापर्यंत

एजियाओचा उल्लेख 'शेन्नोंग बेनत्साओ जिंग' या चिनी औषधिशास्त्राच्या आद्य ग्रंथात आढळतो. या ग्रंथात औषधांचे उत्तम, मध्यम व कनिष्ठ असे तीन वर्ग केलेले असून एजियाओची गणना उत्तम वर्गात केली आहे. हान राजवटीच्या अखेरच्या काळातील प्रसिद्ध वैद्य झांग झोंगजिंग (सुमारे इ. स. १५० ते २१९) यांच्या ग्रंथांतही एजियाओयुक्त योग आहेत. गर्भाशयातून होणाऱ्या रक्तस्रावावरील 'जियाओ आय तांग' आणि निद्रानाशावरील 'ह्वांगल्येन एजियाओ तांग' हे त्यांचे दोन योग आजही चिनी वैद्यकाच्या अभ्यासक्रमात शिकविले जातात.

येथे एक महत्त्वाचा प्रश्न उपस्थित होतो. या प्राचीन योगांतील एजियाओ गाढवाच्या कातड्याचाच होता काय ? ग्रंथांचा पुरावा याचे उत्तर नकारार्थी देतो. पाचव्या व सहाव्या शतकांच्या संधिकाळातील थाओ होंगजिंग (इ. स. ४५६ ते ५३६) यांच्या नावाशी निगडित असलेल्या औषधिग्रंथांत एजियाओ हा गाईबैलांचे कातडे उकळून करावा, असे म्हटले आहे. सहाव्या शतकातील जिया सीशिए यांच्या 'छीमिन याओशू' या कृषिविषयक ग्रंथात सरस तयार करण्याची सविस्तर पद्धत दिली आहे. त्यात गाय, म्हैस व डुक्कर यांची कातडी पहिल्या प्रतीची मानली असून गाढव, घोडा, उंट व खेचर यांची कातडी दुसऱ्या प्रतीची ठरविली आहेत. हा ग्रंथ औषधाविषयी नसून व्यवहारोपयोगी सरसाविषयी आहे, हे लक्षात घ्यावयास हवे. तरीही त्या काळी गाढवाच्या कातड्याला कोणतेही विशेष महत्त्व नव्हते, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

पुढे थांग राजवटीत, इ. स. ७३९ च्या सुमारास, चेन त्सांगची यांनी 'वात'जन्य विकारांवर गाढवाच्या कातड्याचा सरस सर्वांत गुणकारी असल्याचे नोंदविले. सोंग राजवटीतील सू सोंग यांच्या अकराव्या शतकातील सचित्र औषधिग्रंथात काळ्या गाढवाचे कातडे दोंग-एच्या विहिरीच्या पाण्यात उकळून केलेला सरस उत्तम, असे मत आढळते. सोळाव्या शतकातील ली शिझेन यांनी १५७८ मध्ये पूर्ण केलेल्या 'बेनत्साओ गांगमू' या महाग्रंथात या सर्व बदलाचा सारांश मोजक्या शब्दांत दिला आहे. प्राचीन योगांत बहुधा गाईबैलांच्या कातड्याचाच सरस वापरला जात असे आणि गाढवाच्या कातड्याला नंतरच्या काळात महत्त्व आले, असा त्यांचा अभिप्राय आहे. गाईबैलांच्या कातड्यापासून होणाऱ्या सरसाला त्यांनी 'ह्वांगमिंग जियाओ' या नावाने स्वतंत्र स्थान दिले.

हा बदल का घडला, याचे एक कारण वैद्यकीय अनुभवात शोधता येईल. परंतु दुसरे कारण आर्थिक व राजकीय स्वरूपाचे होते, असे मानण्यास आधार आहे. बैल हा शेतीचा आधार होता आणि त्याचे कातडे चिलखते व अन्य लष्करी साहित्यासाठी लागत असे. त्यामुळे राज्यसत्तेने त्याच्या वापरावर वेळोवेळी निर्बंध घातले. याच काळात पश्चिमेकडून आलेले गाढव उत्तर चीनमध्ये सर्वसामान्य झाले होते. म्हणजे एका प्राण्याचे कातडे दुर्मिळ झाल्यावर सहज उपलब्ध असणाऱ्या दुसऱ्या प्राण्याचे कातडे औषधात आले आणि कालांतराने तेच 'अस्सल' ठरले. परंपरा ही स्थिर असते, या सामान्य समजुतीला छेद देणारे हे उदाहरण आहे.

चिनी वैद्यकातील गुणधर्म व उपयोग

चिनी वैद्यकाच्या परिभाषेत एजियाओ हा चवीने मधुर व प्रकृतीने सम मानला जातो. फुप्फुस, यकृत व वृक्क यांच्याशी संबंधित मार्गांवर त्याची क्रिया होते, असे सांगितले जाते. रक्ताचे पोषण करणे, शरीरातील 'यिन' तत्त्वाची वृद्धी करणे, कोरडेपणा कमी करणे आणि रक्तस्राव थांबविणे ही त्याची प्रमुख कार्ये होत. चीनच्या शासकीय औषधकोशात त्याची मात्रा ३ ते ९ ग्रॅम अशी दिली आहे. इतर वनस्पतींबरोबर तो उकळत नाहीत, कारण तो भांड्याच्या तळाशी चिकटतो. काढा तयार झाल्यावर स्वतंत्रपणे वितळविलेला एजियाओ त्यात मिसळतात.

येथे भाषांतरामुळे होणाऱ्या एका गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. एजियाओ 'रक्तक्षया'वर उपयुक्त आहे असे म्हटले की आधुनिक वाचकाच्या मनात हिमोग्लोबिनची कमतरता उभी राहते. परंतु चिनी वैद्यकातील 'श्वे श्यू' म्हणजे रक्ताची न्यूनता ही संकल्पना याहून व्यापक आहे. फिकट चेहरा, चक्कर, धडधड, झोप न लागणे, मासिक स्राव अल्प असणे अशा लक्षणसमूहाला ते नाव दिले जाते. या लक्षणांच्या रुग्णात रक्ताची प्रयोगशाळेतील तपासणी सामान्यही असू शकते. आयुर्वेदातील 'पांडुरोग' व आधुनिक वैद्यकातील रक्तक्षय यांचे समीकरण मांडताना जी सावधगिरी बाळगावी लागते, तीच येथेही आवश्यक आहे.

औषधाशिवाय पौष्टिक आहार म्हणूनही एजियाओ घेतला जातो. अक्रोड, काळे तीळ, लाल बोरे, मद्य व साखर यांच्यासह केलेली त्याची वडी हिवाळ्यात, विशेषतः स्त्रिया, खातात. महाराष्ट्रात थंडीच्या दिवसांत व बाळंतिणीसाठी केल्या जाणाऱ्या डिंकाच्या लाडवांशी या प्रथेचे साम्य आहे. दोन्ही ठिकाणी एक चिकट द्रव्य, सुकामेवा व गोडी यांचा संयोग आहे आणि दोन्ही ठिकाणी तो स्त्रीच्या शरीराची झीज भरून काढणारा मानला जातो. एजियाओविषयीची श्रद्धा ही कुटुंबातील आपुलकीशी व ऋतुचर्येशी निगडित आहे. तिला केवळ अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे योग्य होणार नाही.

आधुनिक रसायनशास्त्राच्या दृष्टीने

रासायनिकदृष्ट्या एजियाओ हा मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाच्या विघटनातून निर्माण झालेल्या जिलेटिनचा व लहान पेप्टाइडांचा समूह आहे. कोलॅजेन हे प्राण्यांच्या त्वचेतील, हाडांतील व स्नायुबंधांतील प्रमुख प्रथिन आहे. त्याची रचना तीन साखळ्यांच्या पिळासारखी असते आणि प्रत्येक साखळीत दर तिसऱ्या स्थानी ग्लायसीन हे अमिनो आम्ल येते. प्रोलीन व हायड्रॉक्सिप्रोलीन यांचेही प्रमाण मोठे असते. दीर्घकाळ उकळल्याने हा पीळ सुटतो व साखळ्या तुटतात. त्यामुळेच कातड्यापासून सरस होतो.

पोषणाच्या दृष्टीने कोलॅजेन हे परिपूर्ण प्रथिन नाही. ट्रिप्टोफॅन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल त्यात नसते. लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या रक्तक्षयात शरीराला मुख्यतः लोहाची गरज असते आणि ती गरज जिलेटिनमधून भागत नाही. दुसऱ्या बाजूने, कोलॅजेनच्या पचनातून निर्माण होणारी काही लहान पेप्टाइडे रक्तात शोषली जातात, हे सिद्ध झालेले आहे. एजियाओचा रक्तनिर्मितीवरील परिणाम अभ्यासण्यासाठी चीनमध्ये प्राण्यांवर प्रयोग झाले असून मर्यादित स्वरूपाच्या वैद्यकीय चाचण्याही झाल्या आहेत. त्यांतून काही अनुकूल निरीक्षणे पुढे आली असली, तरी गाढवाच्या सरसाचा परिणाम गाईच्या वा डुकराच्या सरसाहून निश्चितपणे वेगळा आहे, हे दाखविणारा भक्कम पुरावा त्यांतून मिळत नाही. विचाराधीन प्रश्नाच्या दृष्टीने हाच मुद्दा निर्णायक आहे.

गाय, डुक्कर, घोडा व गाढव यांच्या कोलॅजेनमध्ये साम्य इतके आहे की त्यांचे सरस डोळ्यांनी, वासाने किंवा साध्या रासायनिक परीक्षेने वेगळे ओळखणे कठीण असते. भेसळ ओळखण्यासाठी डीएनए चाचणी किंवा वस्तुमान वर्णपटमापनाद्वारे गाढवाच्या कोलॅजेनमधील वैशिष्ट्यपूर्ण पेप्टाइडांचा शोध घ्यावा लागतो. ज्या फरकासाठी ग्राहक कित्येक पटींनी अधिक किंमत मोजतो, तो फरक इतका सूक्ष्म आहे.

औषधाकडून उपभोग्य वस्तूकडे

एजियाओची परंपरा प्राचीन असली तरी त्याची आजची मागणी प्राचीन नाही. दीर्घकाळ हे औषध राजदरबारी व संपन्न घरांपुरते मर्यादित होते. दोंग-ए येथे १९५२ मध्ये सरकारी कारखाना स्थापन झाला. त्यातून पुढे आलेली कंपनी १९९६ मध्ये शेनझेन येथील रोखे बाजारात सूचिबद्ध झाली. चीनमध्ये मध्यमवर्गाचा विस्तार झाला, तशी या उत्पादनाची प्रतिमा औषधाऐवजी आरोग्य, सौंदर्य व प्रतिष्ठेचे प्रतीक अशी घडविण्यात आली. राजवाड्यातील जीवनावरील दूरचित्रवाणी मालिकांनीही त्याला हातभार लावला. पेये, मिठाई, सौंदर्यप्रसाधने अशा अनेक रूपांत एजियाओ विकला जाऊ लागला. उपलब्ध आकडेवारीनुसार चीनमधील वार्षिक उत्पादन २०१३ मधील सुमारे ३,२०० टनांवरून २०१६ मध्ये सुमारे ५,६०० टनांपर्यंत वाढले.

याच काळात चीनमधील गाढवांची संख्या मात्र वेगाने घटली. १९९० मध्ये सुमारे १ कोटी १० लाख असणारी ही संख्या २०२१ पर्यंत २० लाखांच्या खाली आली. ट्रॅक्टर व तीनचाकी वाहने आल्याने शेतकऱ्याला गाढवाची गरज उरली नाही आणि उरलेली गाढवे कातड्यासाठी गेली. गाढवांची पैदास झपाट्याने वाढविणे शक्य नसते. गाढविणीचा गर्भकाळ सुमारे बारा महिने किंवा त्याहून अधिक असतो, एका वेतात सामान्यतः एकच शिंगरू होते आणि ते वयात येण्यास दोन-तीन वर्षे लागतात. परिणामी कच्च्या मालासाठी उद्योगाने परदेशांकडे पाहिले. चीन सरकारने १ जानेवारी २०१८ पासून गाढवाच्या कातड्यांवरील आयात शुल्क ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणले.

चीनमध्ये या औषधाविषयी एकमत आहे, असे मात्र नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेथील शासकीय आरोग्य दूरध्वनी सेवेच्या समाजमाध्यमातील खात्यावरून एजियाओ म्हणजे केवळ उकळलेले गाढवाचे कातडे असून त्यावर पैसे खर्च करणे योग्य नव्हे, अशा आशयाचा मजकूर प्रसृत झाला. त्यावर मोठा वाद होऊन काही दिवसांतच क्षमायाचना करावी लागली. पुढे २०१९ मध्ये दोंग-ए येथील कंपनीला सूचिबद्ध झाल्यापासूनचा पहिला वार्षिक तोटा सोसावा लागला. किंमत व साठा यांच्या आधारे वाढविलेली मागणी किती अस्थिर असू शकते, याचे हे निदर्शक होते.

आफ्रिकेतील परिणाम

जगात सुमारे ५ कोटी ३० लाख गाढवे असून त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश आफ्रिका खंडात आहेत, असे मानले जाते. तेथे पाणी, सरपण, धान्य व बांधकामाचे साहित्य वाहण्याचे काम गाढव करते. या कामांचा भार प्रामुख्याने स्त्रिया व मुले यांच्यावर असल्याने गाढव नाहीसे झाले की तोच भार त्यांच्या डोक्यावर व पाठीवर येतो. मुलांना शाळा सोडून कामाला लागावे लागते.

ब्रिटनमधील 'द डाँकी सँक्चुअरी' या संस्थेच्या २०२४ मधील अंदाजानुसार एजियाओसाठी दरवर्षी किमान ५९ लाख गाढवांची कत्तल होते. या व्यापारामुळे गाढवाच्या किमतीत मोठी वाढ झाली. वरवर पाहता ही वाढ गाढव पाळणाऱ्याच्या हिताची वाटते. परंतु ज्याचे उत्पन्न गाढवाच्या श्रमातून येते त्याला गाढव विकून एकदाच पैसा मिळतो आणि त्या पैशात पुन्हा गाढव घेता येत नाही. ज्याचे गाढव रात्रीतून चोरीस जाते, त्याला तर तोही मिळत नाही. केनियामध्ये २०१६ पासून परवानाधारक कत्तलखाने सुरू झाल्यानंतर अशा चोऱ्यांच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर वाढल्या. तेथील सरकारी संशोधन संस्थेने २०१९ मध्ये कत्तलीचा वेग पैदाशीच्या वेगाहून कितीतरी अधिक असल्याचा इशारा दिला. फेब्रुवारी २०२० मध्ये केनिया सरकारने कत्तलीवर बंदी घातली. परंतु मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली.

बुर्किना फासो व नायजर यांनी २०१६ मध्येच निर्यातीवर बंदी घातली होती. परंतु एका देशाने बंदी घातली की व्यापार शेजारच्या देशात सरके. या अनुभवातून डिसेंबर २०२२ मध्ये दार-एस-सलाम येथील परिषदेत १५ वर्षांच्या स्थगितीची मागणी झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अदिस अबाबा येथील शिखर बैठकीत आफ्रिकी संघाने कातड्यासाठी होणाऱ्या गाढवांच्या कत्तलीवर खंडव्यापी बंदीचा निर्णय घेतला. या निर्णयाची अंमलबजावणी सदस्य राष्ट्रांच्या कायद्यांवर अवलंबून असल्याने तिचे यश अद्याप ठरावयाचे आहे.

भारतीय व महाराष्ट्रीय संदर्भ

भारतात २०१२ च्या पशुगणनेनुसार सुमारे ३ लाख २० हजार गाढवे होती. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत ही संख्या सुमारे १ लाख २० हजारांवर आली. म्हणजे सात वर्षांत सुमारे ६१ टक्के घट झाली. महाराष्ट्रातील घट याच काळात जवळपास ४० टक्के होती. या घटीचे खापर केवळ एजियाओवर फोडणे शास्त्रीय ठरणार नाही. वीटभट्ट्यांवरील व वाळू-मातीच्या वाहतुकीतील यांत्रिकीकरण, चराऊ रानांचा संकोच, पारंपरिक व्यवसाय सोडणारी नवी पिढी ही त्याची मोठी कारणे आहेत. तथापि 'ब्रुक इंडिया' या संस्थेच्या २०२२ मधील पाहणीत महाराष्ट्रासह काही राज्यांतील चोरी, बेकायदा कत्तल व कातड्यांचा चोरटा व्यापार यांकडेही लक्ष वेधले आहे. आंध्र प्रदेशाच्या काही भागांत गाढवाच्या मांसाला असणारी मागणी हे आणखी एक कारण आहे.

पौष पौर्णिमेला जेजुरी येथे आणि कानिफनाथांच्या यात्रेच्या निमित्ताने मढी येथे भरणारे गाढवांचे बाजार प्रसिद्ध आहेत. वडार, कैकाडी, बेलदार, कुंभार, वैदू अशा अनेक समाजांचे लोक तेथे येत. गाढवांचा सौदा, उधारी, सोयरिकी व जातपंचायतींचे व्यवहार या बाजारांच्या आधारे चालत. गाढवांची संख्या घटणे म्हणजे एका पशूबरोबर या सामाजिक व्यवहाराचेही आकुंचन होणे होय.

कायद्याच्या दृष्टीने गाढव एका विचित्र पोकळीत सापडले आहे. ते पाळीव असल्याने वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ त्याला लागू होत नाही. वन्य प्राण्यांच्या व्यापारावरील 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय करारातूनही पाळीव गाढव वगळलेले आहे. गोवंशासाठी असणारे राज्यांचे कायदे त्याच्यासाठी नाहीत. खाद्य प्राण्यांच्या अधिकृत यादीत गाढवाचा समावेश नसल्याने मांसासाठी त्याची कत्तल बेकायदा ठरते आणि प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० त्याला लागू आहे. परंतु या तरतुदींची अंमलबजावणी करण्याची निकड फारशी कोणास वाटत नाही, कारण गाढव पाळणारा समाज संख्येने अल्प, भटका व असंघटित आहे.

पर्यायांचा विचार

चिनी औषधकोश काळानुसार बदलत आला आहे. गेंड्याचे शिंग व वाघाची हाडे यांच्या व्यापारावर चीनने १९९३ मध्ये बंदी घातली. गेंड्याच्या शिंगाऐवजी म्हशीचे शिंग वापरण्याची पद्धत त्यानंतर रूढ झाली. २०२० च्या औषधकोशातून खवले मांजराचे खवले स्वतंत्र औषधद्रव्य म्हणून वगळण्यात आले. एजियाओच्या बाबतीत तर पर्याय परंपरेच्या आतच आहेत. गाईबैलांच्या कातड्याचा 'ह्वांगमिंग जियाओ' ग्रंथमान्य आहे. गाढवाच्या कातड्याची टंचाई भासल्यावर डुकराच्या कातड्यापासून 'नवा एजियाओ'ही तयार करण्यात आला. मांसासाठी कापल्या जाणाऱ्या जनावरांची कातडी यासाठी उपलब्ध असल्याने त्यांसाठी वेगळी कत्तल करावी लागत नाही. प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने गाढवाचे कोलॅजेन निर्माण करण्याचा मार्गही सुचविला जात आहे.

समारोप

एजियाओच्या अभ्यासातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, ज्याला अपरिवर्तनीय परंपरा म्हटले जाते तिच्यातील मूलद्रव्यच एकदा बदललेले आहे. ज्या प्राचीन योगांनी एजियाओला कीर्ती मिळवून दिली, त्यांत ली शिझेन यांच्या मते बहुधा गाईबैलांच्या कातड्याचा सरस होता. म्हणून पर्यायी द्रव्य वापरणे हा परंपरेचा भंग नसून परंपरेच्याच पद्धतीचे अनुसरण ठरेल. दुसरी, आजची प्रचंड मागणी वैद्यांच्या लेखणीतून आलेली नाही. ती बाजारपेठेने घडविली आहे. तिसरी, या मागणीची किंमत ज्यांना एजियाओचे नावही ठाऊक नाही अशा पाणी वाहणाऱ्या स्त्रिया, विटा वाहणारे मजूर व भटके समाज मोजत आहेत.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांना या विषयात प्रत्यक्ष योगदान देण्यास वाव आहे. जेजुरी, मढी यांसारख्या बाजारांतील दर, आवक व खरेदीदार यांची वार्षिक नोंद, गाढव पाळणाऱ्या कुटुंबांच्या उत्पन्नाची पाहणी आणि चोरीच्या तक्रारींचा अभ्यास ही कामे वाणिज्य, समाजशास्त्र व प्राणिशास्त्र या विभागांना एकत्रितपणे करता येतील. पशुगणना अनेक वर्षांच्या अंतराने होते. मधल्या काळात काय घडले हे त्या त्या गावातील माणसांकडून समजून घ्यावे लागते. अशी नोंद आज झाली नाही, तर ती करण्यासाठी उद्या गाढवेही असणार नाहीत आणि ती पाळणारी कुटुंबेही त्या व्यवसायात राहिलेली नसतील.